गरम पेटीतले जीव

प्रयोगशाळेत बाटल्या धुता धुता किस्से साचत जातात. बाटल्या घासल्या की निघतात, किस्से तेवढे तळाला चिकटून राहतात. लोणावळ्याच्या आमच्या लॅबमध्ये मी बारा वर्षं काढली. शिक्षण चौथी. हे सगळे प्राची मॅडमच्या वेळचे.

*

मॅडम पीएचडीसाठी उष्णतेत वाढणारे जंतू पाळायच्या. त्यांची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, कायम साठ अंशांवर. एका शनिवारी घरी जाताना मला दया आली. मुके जीव, किती भाजतील? मी बटण बंद केलं.

सोमवारी मॅडमनी पेटी उघडली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आबा, दोन दिवस थंडीनं कुडकुडले हो ते."

*

टाकवे बुद्रुकला माझ्या घरी दोन म्हशी आहेत. त्यांच्या शेणाच्या उकिरड्यातून हिवाळ्यात सकाळी वाफ निघते, हे मी सहज बोललो. दुसऱ्याच दिवशी मॅडम हजर! बायकोनं चहा टाकला होता. मॅडम थेट उकिरड्यावर, हातात लांब थर्मामीटर. आत बासष्ट अंश.

बायको मला हळूच म्हणाली, "लोकं मावळात धरण बघाया येत्यात. हिला आपला उकिरडाच गावला व्हय?"

*

मॅडम त्या जंतूंवर जगणारा विषाणू शोधत होत्या. तो त्या शेणखतातच सापडला. माणसाला तो काही करत नाही. त्या गरम जंतूंत शिरतो, आत वाढतो आणि त्यांना फोडून बाहेर पडतो. मी विचारलं, एवढासा जीव त्या उष्णतेत टिकतो कसा? मॅडम म्हणाल्या, त्याला प्रथिनांचं कवच असतं. त्याचे तुकडे एकमेकांत घट्ट अडकलेले, आणि वरून आणखी काही तुकडे त्यांना धरून ठेवतात.

"म्हंजी धान्याच्या कणगीवानी," मी म्हणालो. "बांबूच्या कामट्या एकमेकींत गुतवायच्या, वरनं काठ बांधायचा. मग उकलत न्हाई."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. जंतू वाढले की बाटली गढूळ होते. विषाणूनं ते फोडले की नितळ. मला हे ठाऊक नव्हतं. टेबलावर नितळ बाटली दिसली, मी पाणी समजून ओतली आणि घासून उपडी ठेवली. दोन वर्षांचं काम सिंकमध्ये गेलं. एका नळीत तेवढा थेंबभर विषाणू उरला.

मॅडमनी बाटली उजेडात धरली. "चांगली घासलीत हो, आबा."

मला दोन दिवस घास गेला नाही.

*

तो थेंब त्यांनी नव्या गढूळ बाटलीत घातला, पेटीत ठेवला, आणि वादळात वीज गेली. जनरेटर बिघडलेला. पेटी गार होऊ लागली. जंतू थंडावले तर विषाणू वाढणार कशात? आणि मॅडमची पीएचडीची तोंडी परीक्षा आठ दिवसांवर.

मी म्हणालो, "म्याडम, बाटली गोधडीत गुंडाळा. टाकव्याला चला."

उकिरड्याच्या पोटात बाटली पुरली. बायकोनं वर पेंढा टाकला आणि कोंबड्या हाकलत बसली. सकाळी उकरली, तर पाण्यासारखी नितळ. मॅडम रडल्या. मी त्या बाटलीला हात लावला नाही.

परीक्षेला बाहेरगावचे सर आले. मी चहा घेऊन आत गेलो, तेव्हा ते विचारत होते, "वीज नव्हती म्हणता, मग हा इन्क्युबेटर कुठल्या कंपनीचा?"

मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"दोन म्हशींचा, सर."