शून्यसरांची वायर

कॉलेजात त्यांना तोंडावर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘शून्यसर’. धडा कुठलाही असो, गाडी फिरून एकाच वाक्यावर यायची. “धातूच्या आत विद्युतक्षेत्र किती? शून्य! विषय संपला.” फळ्यावर टोपलीएवढं शून्य काढायचं, हात झटकायचे आणि खुर्चीत टेकायचं. अख्खी नोकरी स्वारीने त्या शून्यावर काढली म्हणा ना! वाक्य तसं खरंच होतं, पण करंट वाहत नसेल तेव्हाच. ही अट पुस्तकात पान उलटल्यावर होती आणि पानं उलटायची सरांना सवय नव्हती.

म्हातारे वडील बहिणीकडून सरांकडे राहायला आले ते धापा टाकतच. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. बायको म्हणाली, “अहो, बाबांना तुमच्या अभ्यासिकेत ठेवू या. ऊन येतं, प्लग आहेत, हाक मारली तर ऐकू येईल.”

अभ्यासिका म्हणजे सरांचा जीव की प्राण. तिथे अभ्यास झालेला घरात कुणाला आठवत नव्हता, पण दुपारची झोप फार छान लागायची.

“बाबा, आत जागाच नाही हो,” सरांनी वडिलांना परस्पर सांगून टाकलं आणि त्यांची खाट अंगणापलीकडच्या अडगळीच्या खोलीत टाकली. तिथे वीज नव्हती. सरांनी कपाटातून दारावरच्या बेलची उरलेली वायर काढली.

“एवढी बारीक? चालेल का हो?” बायकोने विचारलं.

“अगं, वायरीच्या आत क्षेत्रच शून्य, मग व्होल्टेज गळेल कुठे? केसाएवढी असली तरी चालेल!”

घरातल्या जिन्याजवळच्या प्लगपासून त्या खोलीपर्यंत वायर ओढली. उरलेलं वेटोळं जिन्याखाली ढकललं. मशीन लावण्याआधी टोकाला व्होल्टेज मोजायचा मीटर धरला, तर काटा घरातल्या प्लगइतकाच वर. “बघ, एक व्होल्ट तरी गळला का?” असं म्हणून सर झोपायला गेले. वायरीतून काही वाहतच नव्हतं तर गळणार काय, कपाळ!

संध्याकाळी गारठा पडला. बायकोने बाबांसाठी हीटर लावला आणि मशीन टीं टीं करून ओरडायला लागलं. हीटर बंद केला तर मशीन गप्प, पण बाबा कुडकुडायला लागले. पुन्हा लावला, तर ऊब आली आणि श्वास अडकला. म्हाताऱ्या माणसाने यातलं काय निवडायचं? ती रडकुंडीला आली.

“मशीनच भिकार आहे,” सर डोळे चोळत आले. दोन्ही चालू ठेवून त्यांनी मीटर लावला. काटा पार खाली. त्यांनी मीटरला टपली मारली. “हाही बिघडला!”

तेवढ्यात जळका वास आला. बायको जिन्याकडे धावली आणि तिने वायरीचा प्लग उपटला. “या, हात लावा याला!”

सरांनी वेटोळ्याला बोट लावलं. “आई गं!”

“शून्याचे असे चटके बसतात होय?”

सर बोट फुंकत राहिले. करंट वाहायचा तर वायरीच्या आत त्याला ढकलणारं क्षेत्र लागतंच. वायर बारीक आणि लांब असली की बराचसा जोर वाटेतच खर्ची पडतो, त्याची उष्णता होते आणि टोकाचं मशीन राहतं अर्धपोटी. हे त्यांनी वाचलं होतं, पोरांच्या उत्तरपत्रिकांत. आणि त्यावर लाल रेघा ओढल्या होत्या.

प्लग उपटल्यावर मशीन बंद पडलंय हे त्यांच्या डोक्यात मग शिरलं.

सर अंगण ओलांडून धावले. बाबांचे ओठ निळे पडले होते. सर घाबरले, खरंच घाबरले. मशीन बायकोने घेतलं, बाबांना त्यांनी उचललं. बाबा पोराएवढे हलके झाले होते. अभ्यासिकेत लाडक्या आरामखुर्चीवर त्यांना टेकवलं आणि मशीन भिंतीतल्या प्लगला लावलं. ते मुकाट्याने घुरघुरायला लागलं.

हळूहळू ओठांचा रंग परतला. बाबांनी डोळे उघडले. खिडकी पाहिली, गालिचा पाहिला, भिंतीलगतची मऊ गादी पाहिली. मग त्यांनी नाकावरची नळी जरा बाजूला केली.

“आत जागा होती की रे,” ते म्हणाले.