दिवसा दिवे मालवणारे भोईर

भोईर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात, स्टोअरच्या टेबलावर माल तपासत होते. सकाळचे साडेदहा, आणि एवढ्या मोठ्या शेडमध्ये एकही दिवा चालू नव्हता. चलनावरची बारीक अक्षरं स्वच्छ दिसत होती... आणि तो उजेड आत आणणारा माणूस कुळगावात, घरी, झोपेतच गेला होता. पाच आठवडे झाले. रडून झालंय. आता राग उरलाय.

भोईर आमचे इलेक्ट्रिशियन. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी शेडच्या पत्र्यांवर डांबर फासायची आमच्याकडे रीत होती, अगदी पारदर्शक पत्र्यांवरसुद्धा. गळती थांबायची नाहीच, वर आत भरदुपारी अंधार आणि भट्टी. भोईरांनी साहेबांच्या मागे लागून डांबर खरवडलं, बोल्टांचे रबरी वायसर बदलले, पत्रे पांढरे रंगवून घेतले, नवे पारदर्शक पत्रे बसवले. ताप उतरला, पंखे कमी लागू लागले, पण विजेचा मीटर म्हणावा तसा मंदावेना. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पत्रा काळा काय नि पांढरा काय, भोईर, मीटर पळतोच आहे!"

दुसऱ्या दिवशी सात वाजता भोईर स्विचबोर्डापाशी स्टूल टाकून बसले आणि चोर सापडला... आम्हीच! पहिल्या पाळीची प्रत्येक बाई आपल्या लाइनचा दिवा लावायची, त्याला हात जोडायची नि कामाला लागायची. मीही. लख्ख उजेडात दिवे दिवसभर जळत, कारण नमस्कार केलेला दिवा लगेच मालवायचा कसा?

"मॅडम, हात कोनाला जोडता? उजेडालाच ना?" भोईरांनी वर बोट दाखवलं. "मंग तो वर आलाय, सोताच्या पायानं. त्याला जोडा."

आम्ही हसलो, पण माना वर करून हात जोडू लागलो. मीटर असा मंदावला, की साहेबांनी तो दोनदा तपासून घेतला. चुकलो, असं मात्र म्हणाले नाहीत.

भोईर गेल्यावर साहेबांना पुन्हा कंठ फुटलाय. एका कोपऱ्यात गळतंय, म्हणून सगळ्या छपराला डांबर! सोमवारी ड्रम घेऊन टेम्पो गेटवर आला. माझ्या सहीशिवाय कुठलाही माल आत येत नाही, म्हणून साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले. मी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, चार वायसर मागवा. त्यावर सही करते."

टेम्पो परत गेला. पुन्हा येईल म्हणे... येऊ दे.