डॉक्टरांशी केलेली घासाघीस

"पोटाचा कॅन्सर आहे," दुर्बिणीने काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट वाचून नगरचे डॉक्टर म्हणाले. "दुसरीकडे दाखवतो," मी म्हणालो. म्हशींच्या व्यापारात पहिला भाव कधी मान्य करायचा नसतो. दुसरीकडेही तेच सांगितलं.

आमच्या गावच्या डॉक्टरनं उन्हाळाभर ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या. तो राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. नगरलाच केमोबरोबर इम्युनोथेरपी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "बिघडलेल्या पेशीनं आपण होऊन मरायचं असतं. त्याला अपॉप्टोसिस म्हणतात. कॅन्सरची पेशी ते टाळते आणि शरीराच्या राखणदार पेशींनाही थोपवते. या औषधानं राखणदार मोकळे होतात, तिला मरायला लावतात. पण कधी कधी ते आपल्याच आतड्यावर उठतात. जुलाब झाले तर लगेच सांगा."

मला एका जागी चैन नव्हती. वॉर्डात फेऱ्या मारायचो, सलाईनच्या वेगावरून सिस्टरांशी भांडायचो. पुढे जेवण जाऊ लागलं. गाठ आकसल्याचं स्कॅनमध्ये दिसलं आणि त्याच सुमारास जुलाब लागले.

सांगितलं तर औषध बंद करतील, ही भीती. घोडेगावच्या बाजारात म्हशीची खोड कोणी आपण होऊन सांगत नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "पोट जरा सैल आहे. बाहेरचं खाल्लं."

माझी बायको सुमन दारातून आत आली. "डॉक्टर, ह्यांचं ऐकू नका. म्हशीचं दूध वाढवून सांगत्यात अन् सोताचं दुखनं कमी करून. रगत पडतंय!"

"गप बस गं!"

"न्हाई बसनार. तुमी गेल्यावर ते औषिद म्हशीला पाजू का?"

डॉक्टर चिडले. "आणखी लपवलं असतं तर आतडं फुटलं असतं, काका." लगेच भरती केलं, इम्युनोथेरपी थांबवली, स्टेरॉइड सुरू केलं.

"अर्धा डोस तरी चालू ठेवा," मी म्हणालो.

"नाही. इथे घासाघीस चालत नाही."

जुलाब थांबले. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "औषध बंद असलं तरी जागे झालेले राखणदार काम करत राहू शकतात."

"किती दिवस?"

"सांगता येत नाही."

एवढं कच्चं उत्तर मी कुठल्याच सौद्यात घेतलं नसतं. इथे घेतलं. घरी आलो तरी झोप धड लागत नाही.

तुमचं हे औषध चालू असेल, तर तपासणीला घरचं माणूस आत न्या आणि त्याला बोलू द्या. परवा डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं. मी सुमनला म्हणालो, "तू सांग."