रक्तदाबाचे दोन पट्टे

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी एका पंचनाम्यातील नववी नोंद मला तोंडपाठ आहे : ‘रक्तदाब मोजण्याचे कापडी पट्टे, दोन.’ ती मीच लिहायला सांगितली होती. तिचा अर्थ कळायला मला दोन दिवस लागले.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यात, सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी जवळच्या ढाब्याचा मालक तंदूर पेटवताना कोसळला आणि दवाखान्यात पोचण्यापूर्वीच गेला. वय अठ्ठेचाळीस, शरीर अवाढव्य. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली. शवविच्छेदनात मेंदूतील रक्तस्राव निघाला. लठ्ठ माणूस, जुना रक्तदाब. मी कागद बंद करण्याच्या तयारीत होतो.

चौथ्या दिवशी त्याची पत्नी ठाण्यात आली. तिने टेबलावर कॅप्सूलची रिकामी डबी आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे न फोडलेले पाकीट ठेवले.

“ह्या गोळ्या दीड महिन्यापास्नं बंद हुत्या, साहेब.”

“कुणी बंद केल्या, वहिनी?”

“त्यांनीच. म्या लई भांडले. तर म्हनले, ठाण्यातल्या साहेबांचं बी ह्याच कॅप्सूलनं उतरलंय, तुला साहेबापेक्षा जास्त कळतंय व्हय?” तिने डबी माझ्याकडे सरकवली. “माझं तर झालं. पर अजून किती घरांत गोळ्या बंद हायेत, ते ह्या कॅप्सूल इकनाऱ्या मानसालाच ठाऊक.”

डबी माझ्या ओळखीची होती. दोन महिन्यांपूर्वी त्या कॅप्सूलचा एक फिरता विक्रेता ठाण्यात आला होता. द्राक्षाच्या बियांच्या अर्कात पॉलिफिनॉल असते, ते रक्तवाहिन्या मऊ करते, असे तो सांगे. आमचे निम्मे कर्मचारी जाडजूड. मी आवारात त्याच्या रक्तदाब तपासणी शिबिराला परवानगी दिली. सर्वांचा रक्तदाब मोजला गेला. माझाही जास्त निघाला. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला, तेव्हा माझा आकडा उतरला होता.

“फरक पडला ना, साहेब?” त्याने सर्वांसमोर विचारले.

“पडला म्हणायचा,” मी म्हणालो. त्याने फोटो काढून घेतला.

मागे रांगेत ढाबेवाला होता. तो मोठ्याने म्हणाला, “साहेबांच्या पोटाफुडं आमचं पोट म्हंजी लेकरू हाय! आमचं तर आठ दिसांत उतरंल.” सगळे हसले. मीही हसलो.

विक्रेता मुरूमच्या बाजारात सापडला. सामान जप्त करून पंचनामा केला. दोन दिवस तो एकच सांगत राहिला, “मशीन खोटं बोलत न्हाय, साहेब. तुमचं बी उतरलंच की.”

मशीन तपासून घेतले. ते अचूक होते. कॅप्सूलमध्ये बियांची पूडच निघाली, विष नव्हते. ग्राहकांची नावे तो देईना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पुन्हा “तुमचं बी उतरलंच की” म्हटले आणि मी टेबलाचा खण उघडला. पहिल्या भेटीत त्याने दिलेली माझी डबी तिथे होती. सील शाबूत. मी एकही कॅप्सूल घेतली नव्हती.

मग माझा आकडा कशाने उतरला?

मी सगळे सामान घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझा दंड पाहिला, दोन्ही पट्टे पाहिले. आधी अरुंद पट्टा लावून मोजले, मग रुंद. पाच मिनिटांत पंधरा-सोळा अंकांचा फरक पडला. जाड दंडाला अरुंद पट्टा लावला की आकडा खोटा चढतो, रुंद पट्ट्याने खरा येतो, असे त्यांनी सांगितले. वनस्पतींतील अशा घटकांवर अभ्यास सुरू आहेत, थोडा उपयोग होतही असेल, पण ते गोळीच्या जागी चालत नाहीत, हेही सांगितले.

म्हणजे पहिल्या भेटीत अरुंद, दुसऱ्या भेटीत रुंद. ढाबेवाल्यालाही असेच मोजले असणार; त्याचा रक्तदाब खरे तर गोळीनेच आटोक्यात होता. श्रेय कॅप्सूलला गेले आणि गोळी सुटली.

परत येऊन मी दोन्ही पट्टे विक्रेत्यासमोर ठेवले.  पूर्वी एका दवाखान्यात कामाला असताना पट्ट्यांची ही गोष्ट कळल्याचे त्याने कबूल केले.

“लठ्ठ मानसाला नुसतं सांगून पटत न्हाय,” तो म्हणाला. “आकडा लागतो.”

“आणि गोळ्या?”

“गोळी बंद केल्याबगर कॅप्सूलवर इस्वास बसत न्हाय.”

नावांची वही त्याच्या भाड्याच्या खोलीत मिळाली. दोन गाड्या नळदुर्ग आणि मुरूमकडे धावल्या. शिपाई दारोदार जाऊन सांगत होते, आजच डॉक्टरांकडे जा. काही जण दारातूनच म्हणाले, “पर तुमच्या साहेबांचा फोटू हाय की आमच्याकडं.” मुरूममधील एका शिक्षिकेकडे आमची माणसे पोचली, तेव्हा तिची उजवी बाजू आदल्या दिवशीच लुळी पडली होती.

लोक फसतात ते अडाणीपणामुळे, असे मी नोकरीभर समजत होतो. या प्रकरणात ते एका खऱ्या आकड्याला आणि एका ओळखीच्या माणसाला फसले. मी फक्त एवढे खरे सांगायला हवे होते, की डबी अजून उघडलेली नाही. समोरच्याचे मन मोडू नये म्हणून मी ते टाळले.

मीच साक्षीदार झाल्यामुळे तपास माझ्याकडून काढून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला गेला. माझा जबाब नोंदवताना त्याने शेवटी विचारले, “‘पडला म्हणायचा’ हे शब्द वगळू का, साहेब? गुन्ह्याला त्यांची गरज नाही.”

भिंतीलगतच्या बाकावर ढाबेवाल्याची पत्नी तिच्या जबाबासाठी थांबली होती. मी म्हणालो, राहू द्या. आणि खाली सही केली.