बदली होणारच होती

मुलांनो, आज गंधराज लिंबू कापलं आणि त्या वासाने कोलकात्यातल्या आपल्या सॉल्ट लेकमधली एक जुनी दुपार आठवली. शेजारच्या शिप्रादी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येत, येताना ह्याच लिंबाचं सरबत आणत.

"आता तू माझ्याकडून बांगला शीक," त्या म्हणाल्या.

मी हसले. "बंगाली कशाला, दीदी? दोन-तीन वर्षांत आमची बदली होईल."

त्यांनी इंग्रजीचं पुस्तक उघडलं.

बदली झालीच नाही. आम्ही दोघी इथेच इंग्रजीत गप्पा मारत म्हाताऱ्या झालो. गेल्या महिन्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि इंग्रजी पार पुसलं गेलं. आता माझा हात धरून त्या बंगालीत खूप वेळ काहीतरी सांगतात. माझं बाजारापुरतं बंगाली तिथवर पोचत नाही. मी नुसती मान हलवते, आणि मला सगळं कळलं असं समजून त्या निवांत झोपी जातात.