भावजींचे कान

बातमी एसटीनेच आली. मी तुडीलला माहेरी गेले होते, भावाच्या नातवाच्या बारशाला, आणि परतीच्या गाडीसाठी फाट्यावर उभी होते. गाडी थांबली, पण कंडक्टर नेहमीसारखा दारातून ओरडला नाही. तो खाली उतरला, माझी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "काकी, नामाभाऊ गेले. सकाळीच. चहा पिता पिता मान टाकली म्हणे." मी गाडीत चढले, खिडकीशी बसले. रडू आलं नाही. माणसाचं मन कसं असतं बघा... महाडपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, की बारशाला भावाने बेंजो पार्टी लावली होती, ती मी इतकी लक्ष देऊन ऐकून ठेवली होती, आणि आता ती सांगायची कुणाला?

हे असं का, ते कळायला आमचे नामदेवभावजी कळायला हवेत. माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आले, तेव्हा ते शाळा संपवून नुसते फिरत होते. मग एसटीत कंडक्टर लागले. महाड, पोलादपूर, शिवथरकडच्या गाड्या, डोंगरातली वळणं, सगळं त्यांच्या पायाखालचं. आणि प्रत्येक गावात कुठला बँड आला, कुणाचा ढोल चांगला तापला होता, कुणाचा माईक कुंईं करत होता, हे त्यांना तिकिटांच्या आधी ठाऊक. ते स्वतः काही वाजवायचे नाहीत हं. एकदा बुलबुलतरंग आणला होता विकत, तो इतका भेसूर वाजवला की सासूबाई म्हणाल्या, "नामा, त्यापेक्षा शेळी पाळ." तेव्हापासून ते फक्त ऐकणारे. पण असे ऐकणारे, की पंचक्रोशीतली लग्नं ठरली की माणसं आधी भटजींकडे आणि मग आमच्या दारात. "नामाभाऊ, कुठला बँड सांगू?" स्वतःचं लग्न मात्र राहिलंच. मी छेडायची, तर म्हणायचे, "वैनी, मला पसंत पडंल असा बँड मिळूंदे, नवरी काय, मिळंल."

त्यांची मतं ऐकायला बसलात तर भात शिजून निवून जायचा. लोखंडी कर्णा खरा, म्हणायचे, कारण तो गावाला हाक मारतो. त्या स्पीकरच्या काळ्या पेट्या नुसत्या धक्के मारतात. पितळी बँड बाजारपेठेत शोभतो, दोन्ही बाजूंना दुकानं असली की आवाज धरून राहतो. डोंगरात तो वाऱ्यावर जातो, तिथे खालू बाजाच हवा. खालू बाजा म्हणजे आमच्याकडची सनई, ढोल आणि टिमकी. शहरातल्या वाचकांसाठी सांगते, नाहीतर आमच्याकडे हे सांगावं लागत नाही. इलेक्ट्रिकचं पॅड आलं तेव्हा त्यांनी छातीठोक सांगितलं होतं, "दोन शिमगे टिकणार नाय." ते टिकलं. इतकं टिकलं की ढोलवाल्यांच्या पोरांनी ढोल माळ्यावर टाकून पॅड घेतले. भावजींचं सगळंच काही खरं व्हायचं नाही.

पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. लग्नात वाजंत्र्यांना सगळ्यांच्या शेवटी, मांडवाच्या बाहेर, उरलंसुरलं वाढायची पद्धत होती. भावजी बँड ठरवतानाच यजमानाला सांगायचे, "वाजंत्री पहिल्या पंगतीला बसतील. कबूल असंल तर बोला." एका घरच्या आजोबांनी डोळे वटारले, "आमच्यात तसं नसतं." भावजी म्हणाले, "नसूंदे. पण भुकेल्या माणसाची सनई घसरते, आणि तुमच्या नातीच्या लग्नात ती घसरली तर लोक माझ्या नावानं बोंब मारतील." माणुसकीचं बोलले असते तर कुणी ऐकलं नसतं. सनई घसरेल म्हटल्यावर पाट मांडले गेले.

आणखी एक आठवतं ते सांगून टाकते. मुंबईकर मंडळींनी एकदा गणपतीला मोठाल्या पेट्या आणल्या आणि समोरच्या डोंगराकडे तोंड करून लावल्या, का तर पलीकडच्या वाडीला ऐकू जावं. आता आमचा डोंगर असा आहे की शिंकलं तरी परत देतो. गाणं वाजलं की थोड्या वेळाने तेच गाणं डोंगरातून यायचं. ताशावाले बिचारे कुठल्या गाण्याला धरावं ते कळेना, अर्धे याला, अर्धे त्याला. भावजी अंगणात पोट धरून हसत होते. "वैनी, आयका, डोंगर पण नाचाया लागला!" ... ते हसू अजून कानात आहे माझ्या.

त्यांनी मला ऐकायला शिकवलं, ते असं ओट्यावर बसून. रस्त्याने वरात चालली की विचारायचे, "ताशा कसा वाटतो?" मला कुठे येत होते त्यांचे शब्द? मी आपली माझ्या चुलीजवळचं सांगायची. "तापल्या तेलात मोहरी पडावी तसा." ते खूश. ढोल सैल असला तर मी म्हणायची, "पीठ नीट मळलेलं नाही, भाकरीला चीर जातेय." ते म्हणायचे, "अगदी बरोबर, वादी आवळायला हवी." शाळा मी चौथीत सोडली, पण ही शाळा बरीच वर्षं चालली.

मग ते निवृत्त झाले आणि एक दिवस मी त्यांना कुकरजवळ बसवून विहिरीवर गेले. "शिट्टी झाली की बंद करा." परत आले तर घरभर डाळ जळल्याचा वास, कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय, आणि भावजी शेजारी पाटावर बसून शांतपणे पेपर वाचताहेत. मला बघून म्हणाले, "अजून झाली नाय हां शिट्टी." मी गॅस बंद केला. त्यांनी कुकरकडे पाहिलं, वाफेकडे पाहिलं... आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, वरचे बारीक आवाज गेलेत, बाकीचे हळूहळू जातील. गाडीच्या इंजिनाशेजारी आयुष्य गेलं, आणि वर कर्ण्याला कान लावून उभं राहायची हौस. त्यांना मशीन दिलं, पण त्यात सगळंच कढईत खडे ढवळल्यासारखं ऐकू येतं म्हणून त्यांनी ते पेटीत ठेवून दिलं. परतीच्या गाडीत म्हणाले, "वैनी, सनई गेली माझी. ढोल अजून हाय, छातीत लागतो. आणि ज्यांना जन्मभर शिव्या घातल्या, त्या काळ्या पेट्या... त्या तेवढ्या चांगल्या आयकू येतात. देव पण काय माणूस हाय!" आणि मग हळू आवाजात, "कुणाला सांगू नका."

मी नाही सांगितलं. आमच्या ह्यांनासुद्धा बरेच दिवस माहीत नव्हतं. कुणी विचारायला आलं की मी चहाच्या निमित्ताने तिथेच घोटाळायची, आलेल्याचा प्रश्न मोठ्याने परत विचारायची, ते माझ्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचे. रस्त्याने बँड गेला की मी मोहरी, भाकरी, ताक, जे सुचेल ते सांगायची, आणि संध्याकाळी ते पारावर तेच आपल्या शब्दांत ठणकावून सांगायचे. गावात त्यांचा शब्द तसाच चालू राहिला. एवढंच तर होतं त्यांच्याकडे. बायको नाही, मुलं नाहीत. "नामाला विचारा" हे दोन शब्द, तेच त्यांचं घर.

आणि मग शिमग्याचा तो तंटा आला. आमच्या देवाच्या पालखीपुढे वाजवायचा मान खालच्या वाडीच्या गोविंदबुवांचा. बापजाद्यांपासून त्यांची सनई. पण बुवा थकले होते, आणि मुंबईकर पोरांचा पुढारी सचिन म्हणत होता की यंदापासून पालखीपुढे पेट्या लावू, पोरं नाचतील तरी. गावकी देवळात बसली. भरदुपार. शेवटी ठरलं, दोन्ही वाजवून बघू, रिकामी पालखी नाचवू आणि नामाभाऊ सांगतील तसं करू. मी बायकांबरोबर खांबाच्या बाजूला उभी होते. भावजी चुकले तर त्यांची अब्रू जाणार, आणि बुवांचा मानही जाणार. आमचं ठरलं होतं, मी पदर डोक्यावर घेतला की सनई चांगली, खांद्यावर सोडला की वाईट. तमाशाच म्हणायचा, दुसरं काय!

आधी बुवांनी वाजवलं. मग पेट्या. मग सगळं शांत झालं आणि सचिन म्हणाला, "बोला नामाकाका."

भावजी उठले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मला आयकू येत नाय. दोन-तीन वर्षं झाली. आतापर्यंत जे सांगितलं, ते वैनीच्या कानांनी. तिला विचारा."

देवळात जी कुजबुज उठली! गावकार म्हणाले, "अरे नामा, गावकीत बायका बोलत नायत."

"काय?" भावजींनी कानाला हात लावला.

"बायका बोलत नायत!"

"आयकू येत नाय, दादा. वैनीला सांगा, ती मला सांगंल."

पोरं हसायला लागली. गावकारही हसले, नाइलाजाने. आणि मला पुढे ढकललं कुणीतरी, मोठ्या जाऊबाईंनी असावं.

ऐकलेलं खोटं सांगायला ह्या माणसाने शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "बुवांचा दम आज पुरला नाही. मध्यात सनई उतरली." बुवांनी मान खाली घातली, मला कसंसंच झालं. "आणि पेट्यांत चूक काही नव्हती. पण मी पालखीवाल्यांचे पाय बघत होते. बुवांचा ढोलवाला त्या पायांकडे बघून वाजवतो. खांदा अवघडला की तो ठेका सैल सोडतो, पोरांनी जोर धरला की चढवतो. पेट्या लागल्यावर पालखीलाच गाण्यामागे धावावं लागलं. तुमच्यातला एकजण अडखळला, सचिन, मी बघितलं. उद्या पालखीत देव असेल."

मग अडखळलेला पोरगाच म्हणाला, "खरं हाय काकी, माझा पाय मुरगळला." ठरलं असं, की पालखीपुढे खालू बाजा, सनईला बुवांबरोबर त्यांचा पुतण्या, आणि पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या विसाव्याच्या ओट्यावर, टेकली की पेट्या. सगळ्यांचं थोडं थोडं राहिलं. पुढे पेट्यांचंच जास्त राहिलं, तेही सांगायला हवं.

घरी जाताना भावजी विचारतात, "काय सांगितलंत?" मी हातवारे करून, ओरडून सांगितलं. तर रस्त्यात थांबले. "बुवांचा दम पुरला नाय म्हणालात? चारचौघांत?"

"मग काय सांगू? पुरला नाही."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मी गाल बघत होतो त्यांचे. जुना दोस्त माझा. मला नसतं सांगता आलं."

मी बघतच राहिले. म्हणजे माझ्या पदराची गरजच नव्हती त्यांना! खरं सांगायचं होतं, पण मित्राला सांगवत नव्हतं, म्हणून ती वेळ माझ्यावर टाकली, की मला एकदा बोलायला लावायचं होतं, की लपवून लपवून खरंच थकले होते... मी पुष्कळदा विचारलं. दर वेळी कानाला हात लावून "काय?" म्हणायचे. लबाड.

त्यांचा शब्द गेला असं मला वाटलं होतं. पण माणसं येत राहिली, फक्त आता सरळ दोघांसमोर बसायची. मी ऐकलेलं सांगायची, ते त्याचा अर्थ लावायचे, आणि आमचं भांडण बघायला अर्धी वाडी जमायची. मग ढोलही गेला. शेवटी तर सगळंच शांत. तरी वरात आली की ओट्यावर येऊन बसायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे, जेवायला वाढायची वाट बघावी तसे.

आता ते जाऊन काही आठवडे झालेत. परवा दुपारी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. वळणावरून बेंजोचा आवाज आला, टेम्पोवर पार्टी, मागे नवरदेवाची जीप. आणि आमच्या कुंपणाशी आल्यावर सगळं एकदम बंद. नुसता जनरेटरचा घरघराट आणि चपलांचा आवाज. घरात माणूस गेलं असलं की वर्षभर त्या दारापुढे वाजवत नाहीत, आमच्याकडची रीत आहे. पार्टीच्या मास्तरने टेम्पोवरून हात जोडले.

मी सूप खाली ठेवून रस्त्यावर गेले. "का रे थांबलात?"

"काकी, नामाभाऊंचं दार हाय ना."

"म्हणून तर विचारते. जिवंतपणी शेवटी शांतताच होती रे त्यांच्या नशिबी. आता आणखी कशाला देता? वाजवा."

ते एकमेकांकडे बघायला लागले. नवरदेवाच्या मामाने मान डोलावली. मग ताशा सुरू झाला, मागून बेंजो. मी उभी राहून पुरतं ऐकलं. संपल्यावर मास्तरने वाकून विचारलं, "कसं काय, काकी?"

"ताशा बरा हाय," मी म्हटलं. "बेंजोची वरची तार उतरलीय तुझी."

त्याने तिथेच, आमच्या दारात टेम्पो उभाच ठेवायला लावला. खुंटी पिळली, तार छेडली, माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं. परत पिळली. वरात थांबून राहिली, नवरदेव घाम पुसत बसला, कुणी घाई केली नाही. तिसऱ्या खेपेला मी मान डोलावली, तेव्हा टेम्पो पुढे निघाला.