रिकाम्या नळीतला पांढरा ठिपका

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत. मार्गदर्शक सरसुद्धा, आणि सर तर त्यांच्याहून वयाने बरेच मोठे. मुलांची लग्नं उरकल्यावर या बाईने पीएचडीला नाव घातलं, तेव्हा घरात कुणाला हसू आवरेना. सासूबाई तर म्हणाल्या होत्या, "आता डॉक्टर होऊन मला तपासणार का?"

काकूंचा विषय होता टोप्यांचा. पेशीत आरएनए नावाच्या साखळ्या असतात, निरोप इकडून तिकडे नेणाऱ्या. माणसाच्या, झाडाच्या पेशीत या साखळीच्या सुरुवातीच्या टोकावर एक टोपी असते. जिवाणूंचे आरएनए मात्र सहसा बोडकेच. पण कधीमधी एखादा जिवाणू भलतीच टोपी घालतो: अन्नातून शक्ती काढण्याच्या कामात राबणारा एनएडी हा रेणूच उचलून साखळीच्या डोक्यावर ठेवतो. मुळांजवळच्या मातीतल्या एका जिवाणूत काकूंना ही टोपी सापडली होती, तीही भरपूर. सगळा प्रबंध त्या टोपीवर उभा होता आणि तो लवकरच परीक्षकांकडे जायचा होता.

पद्धत त्यांच्या हातात बसली होती. जिवाणू फोडायचे, आरएनए वेगळा करायचा, नुसताच चिकटून आलेला सुटा एनएडी युरियाने धुऊन काढायचा. मग एका विकराने, म्हणजे एन्झाइमने, साखळीचे तुकडे करायचे आणि ते रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्रात सोडायचे. एनएडीच्या वजनाचं शिखर पडद्यावर उभं राहिलं की टोपी आहे. शंका नको म्हणून काकू तेच विकर उकळून, मारूनही वापरून बघत. मेलेलं विकर साखळी तोडू शकत नाही, तिथे शिखर उठत नसे. म्हणजे एनएडी सुटा नाही, साखळीलाच जोडलेला आहे. सर खूश, काकू खूश.

त्या आठवड्यात यंत्र सांभाळणाऱ्याने यंत्र धुवायला काढलं. हा गडी यंत्राला "म्हातारी" म्हणायचा.

"काकू, एक कोरी नळी द्या ना. म्हातारीच्या पोटात आधीचं काही अडकलंय का बघतो."

"कोरी म्हणजे नुसतं पाणी?"

"पाणी माझ्याकडे आहे हो. तुमची सगळी औषधं घालून द्या. फक्त जिवाणू नको."

काकूंनी नळी केली, आणि सवयीने मेलेलं विकर घातलेली तिची जोडीदारही. हाताला सवयच होती. एकेक थेंब आपोआप पडत गेला. शेवटी नळी गरगर फिरवून उजेडात धरली, तर तळाशी नेहमीसारखा पांढरा ठिपका. तो दिसला की काकूंना बरं वाटे. माल हाताला लागला, वाया गेला नाही. त्या दिवशीही बरं वाटलं. त्यांनी दोन्ही नळ्या पोचवल्या आणि डबा उघडून जेवायला बसल्या.

घास तोंडात असतानाच यंत्रवाला दारात आला. एरवी येताना शिट्टी वाजवणारा हा, आज गप्प.

"काकू, जरा येता?"

पडद्यावर शिखर उभं होतं. तेच वजन, तीच जागा. काकूंना वाटलं, आपली जुनी नळी लागली असणार.

"कोरीच आहे," तो म्हणाला. "मेलेलं विकर घातलेली नळी साफ, माझं पाणीही साफ. म्हातारीचा दोष नाही."

काकूंनी नळीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. ज्या नळीत जिवाणूच नाही, त्या नळीत टोपी कुठून आली? डोक्यात काही म्हणजे काही शिरेना. आणि मग एकदम तो पांढरा ठिपका आठवला. रिकाम्या नळीत ठिपका! आपण डोळ्यांनी पाहिला, आणि आपल्याला बरं वाटलं!

माल थोडा असला की तळाशी बसत नाही, म्हणून त्यात दुसऱ्या आरएनएची चिमूट घालायची, त्याच्या संगतीने सगळं खाली बसतं, ही सरांची जुनी युक्ती. त्या बाटलीला सगळे "सोबत" म्हणत. सरांनी ती यीस्टपासून काढून फ्रीजरमध्ये ठेवली होती. आणि यीस्ट ही टोपी घालतं, हे काकूंनी स्वतःच प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं.

सरांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावर मटकन बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सोबत आपली... माझीच बाटली ती," एवढंच म्हणाले.

"प्रबंध थांबवायचा, सर?"

"बोरॉनचं जेल लाव," सर म्हणाले.

ते जेल किचकट, म्हणून काकूंनी टाळलं होतं. बोरॉन एनएडीच्या साखरेला धरून ठेवतो. विजेच्या ओढीने आरएनए जेलमधून पळायला लागले, की टोपीवाला मागे रेंगाळतो, बोडका पुढे पळतो. साखळीच्या शेपटीलाही तसंच धरता येतं, म्हणून शेपटी आधी कापून टाकायची. आणि खूण अशी लावायची, की फक्त त्या जिवाणूचा एक ठरावीक आरएनएच दिसेल; यीस्टचा दिसणारच नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, "तोंड का असं? टोपी हरवली का?"

"दुसऱ्याचीच होती, आई."

सासूबाईंना कोपरखळी सुचली असावी, पण सुनेचा चेहरा बघून त्यांनी ती गिळली. पुढचे दिवस पोळ्या त्याच लाटत राहिल्या.

काकूंनी जेलं लावली, "सोबत" न घालता. ज्या ज्या आरएनएबद्दल प्रबंधात ऐटीत लिहिलं होतं, ते एकामागून एक बोडके निघाले. आता राहिला होता एक, सगळ्यांत आखूड. त्याच्या जेलवर वर, रेंगाळणाऱ्यांच्या जागी, एक फिकी रेघ होती, इतकी फिकी की काकूंना वाटलं, डोळे दमले. शेजारच्या ओळीत टोपी काढणारं विकर घातलं होतं. तिथली वरची रेघ नाहीशी होऊन खाली, बोडक्यांच्या जागी उतरली होती. म्हणजे ही टोपी खरीच होती.

काकू तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"सर! अहो सर!"

सर धावत आले. वाकून बघितलं. बघतच राहिले.

"कोरी नळी?"

"कडेला आहे. बघा तुम्हीच."

ती ओळ पांढरी, निव्वळ कोरी होती. सरांनी तरीही भिंग मागितलं. प्रबंधाची बाकी सगळी प्रकरणं केराच्या टोपलीत जाणार होती, हे दोघांनाही दिसत होतं.

"पुन्हा कर," सर म्हणाले.

"लावलंय, सर. केव्हाच लावलंय."

काकूंनी भिंग घेतलं आणि आधी कोरी ओळच पुन्हा तपासली.